पहिल्या रांगेतली टाळी

झाशीच्या मराठी मंडळात कुणावर चार शब्द बोलायची पाळी आली, की आधी वसुंधराबाई पित्र्यांच्या दाराची कडी वाजायची. मुलीच्या लग्नात व्याह्यांचं स्वागत असो, रेल्वेतल्या कुणाचा निवृत्तीचा निरोप असो, नाहीतर शोकसभा असो. माणूस यायचा, चहा प्यायचा, घाम पुसायचा आणि म्हणायचा, "वसुताई, काय बोलू तेवढं सांगा." बाई विषय कधीच लगेच सांगत नसत. त्या विचारत, "समोर कोण बसणार आहे?"

"सगळेच असतील की."

"सगळे म्हणजे कुणीच नाही. पहिल्या रांगेत कोण, ते सांग."

हा प्रश्न त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की मंडळातली वात्रट मुलं त्यांना पाठीमागे 'पहिली रांग' म्हणायची. पण प्रश्नात दम होता. रेल्वेच्या शेडमधला आशिष आपल्या साहेबांच्या निरोपाला एक विनोद घेऊन आला होता. साहेब रात्रपाळीला खुर्चीतच घोरायचे, त्याचा. शेडमध्ये लोक तो ऐकून पोट धरून हसायचे. बाईंनी विचारलं, साहेबांच्या घरचे येणार आहेत का? येणार होते, बायको, जावई, जावयाचे आईवडील. "मग तो विनोद खिशात राहू दे," बाई म्हणाल्या. "तुझे वडील आजारी होते तेव्हा ह्याच साहेबांनी तुला घरी धाडलं होतं ना? ते सांग." आशिषने ते सांगितलं. साहेबांच्या बायकोने पदराने डोळे पुसले, आणि तेव्हापासून बाई दिसल्या की आशिष भर सीपरी बाजारात स्कूटर थांबवून नमस्कार करतो.

पित्रे घराणं पेशवाईत फौजेबरोबर इकडे आलेलं. कोकणातलं मूळ गाव घरातल्या कुणीच पाहिलेलं नाही, पण गणपतीचा नैवेद्य त्या गावच्या रीतीनेच होतो असं सगळे छातीठोकपणे सांगतात. वसुंधराबाईंनी मुलींच्या एका इंटर कॉलेजात जन्मभर हिंदी शिकवलं. पोट भरलं हिंदीने आणि मिरवलं मराठीने, असं त्या स्वतःच हसत सांगत. यजमान गेले. मुलगा मिलिंद गुडगावला स्थायिक झाला. सून तिकडचीच, पंजाबी. नातू फोनवर "हाय दादी" म्हणतो. आजी नाही, दादी. बाई त्यावर कुणाजवळ अवाक्षर बोलल्या नाहीत, पण ते आत कुठेतरी सलत राहिलं.

गणपतीत मंडळाची मुलांची वक्तृत्व स्पर्धा असते. झाशीतल्या मराठी मुलांना मराठी समजतं सगळं. बोलायला लागली की मात्र दर दोन शब्दांनी गाडी हिंदीच्या रुळावर जाते. म्हणून मोठ्यांनी भाषण लिहून द्यायचं आणि मुलांनी ते घोकायचं, अशी इथली रीत. निम्मी मुलं दरवर्षी राणीवर बोलतात. तिसरी राणी घोड्यावर बसेपर्यंत परीक्षकांना डुलक्या लागलेल्या असतात.

यंदा वसुंधराबाईंकडे जाई आली, सहावीतली. तिचे वडील मकरंद भुसावळकडचे, मालगाडीचे लोको पायलट. घरी कमी आणि लाइनवर जास्त. आई मधू जवळच्याच समथरची, माहेर अस्सल बुंदेली. मकरंदने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं होतं आणि मंडळाने ते आता मान्य केलं होतं. म्हणजे मधूला हळदीकुंकवाला आठवणीने बोलावत, आणि आली की तिच्याशी सावकाश, मोठ्या आवाजात, हिंदीत बोलत.

"कशावर बोलायचं ठरवलंयस?" बाईंनी जाईला विचारलं.

जाईकडे विषय तयार होता. "वसुआजी, मी समथरच्या बाजारवर बोलू? तिथे माझी नानी आहे ना, ती प्रत्येक बाजारला एका भटेवाल्या बाबाशी लढाई करते." भटे म्हणजे वांगी, हे बाईंना सांगावं लागत नव्हतं. "खूप मोठी लढाई. आणि एकदा काय झालं, आम्ही गेलो तर तो बाबा तिथे नव्हताच. मग नानीने..."

"गोड आहे," बाई मध्येच म्हणाल्या. "पण समोर कोण बसणार? तीन परीक्षक. दोघे बदलून आलेले रेल्वेवाले, एक ग्वाल्हेरच्या बाई. त्यांना समथरच्या वांग्यांचं काय? त्यांचं दुखणं एकच, मुलं मराठी बोलत नाहीत. बोट तिथे ठेवायचं."

जाईने तोंड मिटलं. बाईंनी कागद पुढे ओढला आणि वर लिहिलं, 'माझी मायबोली'.

भाषण झरझर उतरलं, इतकं की बाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं. मध्यावर एक वाक्य आलं: 'ज्या घरात आई आपल्या लेकराशी परक्या भाषेत बोलते, ते घर म्हणजे दिवा नसलेलं देवघर.' ह्याला टाळी पडणार, हे त्यांनी लिहितानाच ओळखलं. जाईकडून त्यांनी ते घोटून घेतलं. 'देवघर' म्हटल्यावर थांबायचं, एक श्वास घ्यायचा, समोर बघायचं. जाई सगळं बरोबर करायची, पण त्या एका वाक्याला तिचा आवाज खाली जायचा. बाईंना वाटलं, पोर लाजते.

स्पर्धेच्या संध्याकाळी मंडळाचा हॉल भरला. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, मधू बसली होती. मकरंद ड्यूटीवर होता. तिने कुणाकडून तरी शिकून काठपदराची नऊवारी नेसली होती आणि ती सुटेल की काय ह्या धास्तीने ती फारशी हलत नव्हती. हातात मोबाइल उभा धरलेला. मंचाच्या कडेला उभ्या राहून बाईंनी सवयीने रांग न्याहाळली. परीक्षक, मंडळाचे अध्यक्ष गोपाळराव, ग्वाल्हेरचे पाहुणे. मधूही दिसली. दिसली, पण बाईंनी तिला श्रोत्यांत धरलं नाही.

जाई सुरेख बोलत होती. मग ते वाक्य आलं. 'ज्या घरात आई' एवढं म्हणून ती थांबली. थांबायचं ठरलं होतं त्या जागी नाही, आधीच. ती आईकडे बघत होती. बाईंना वाटलं, विसरली. त्यांनी ओठांनी पुढचे शब्द पुरवले. पहिल्या रांगेत मधूने मोबाइल खाली केला, हसली आणि मान हलवली. तेव्हा जाईने डोळे खाली वळवून उरलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं.

पहिली टाळी मधूची पडली. मोबाइल मांडीवर ठेवून ती दोन्ही हातांनी जोरजोरात टाळ्या वाजवत होती. मग तिच्या मागे सगळा हॉल वाजला.

आपण काय लिहिलं, कुणाच्या तोंडी घातलं आणि कुणासमोर वदवलं, ते वसुंधराबाईंना त्या टाळीसरशी कळलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जाईचा पहिला नंबर आला. परीक्षक म्हणाले, पोरीने आमच्या डोळ्यांत अंजन घातलं. मधू नऊवारी सावरत गर्दीतून वाट काढत आली, बाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "ताईजी, आपने हमाई बिटिया को बोलना सिखा दिया." बाईंना 'असू दे' एवढंही धड म्हणता आलं नाही.

पुढचे दिवस त्यांनी स्वतःची वकिली करण्यात घालवले. मधूला मराठी येतच नाही. तिने टाळी वाजवली ती लेकीसाठी. जे कळलंच नाही ते लागेल कसं? उलट सांगायला गेलो तर नसलेली जखम आपणच करून येऊ. वकिली चांगली चालली होती, फक्त ती त्यांना स्वतःलाच पटत नव्हती. गौरींचं विसर्जन झालं, गणपती गेले, आरास उतरली, आणि हे मात्र जागचं हलेना. बाजारात आशिषने स्कूटर थांबवून नमस्कार केला तर त्यांनी न पाहिल्यासारखं केलं. त्या नमस्काराची त्यांना लाज वाटायला लागली होती.

एका दुपारी नातवाचा फोन आला. "हाय दादी" हे शब्द कानावर पडले आणि बाईंना लख्ख दिसलं, ते वाक्य मुळात मधूवर नव्हतंच. ते गुडगावच्या सुनेवर होतं. तिला तोंडावर बोलायची आपली छाती नाही, म्हणून सहावीतल्या पोरीच्या तोंडून बोलून घेतलं, आणि लागलं ते भलतीलाच. जन्मभर लोकांना विषय निवडून दिले, आणि हा विषय ना जाईसाठी निवडला ना परीक्षकांसाठी. तो स्वतःसाठी निवडला होता. त्यांना स्वतःचीच किळस आली. नातू पलीकडून विचारत होता, "दादी, सुन रही हो?" त्या म्हणाल्या, "हो रे बाळा, ऐकतेय."

दर शनिवारी मुलं बाईंकडे बोलण्याच्या सरावाला यायची. जाई आली नाही. पुढच्या शनिवारीही नाही. तेवढ्यात गोपाळरावांचा फोन आला. "वसुताई, कोजागरीला ग्वाल्हेर, दतियाकडची मंडळी येणार आहेत. जाईचं भाषण पुन्हा ठेवतो आहोत. ते देवघराचं वाक्य जरा खणखणीत येऊ द्या."

म्हणजे पोरीला ते पुन्हा म्हणावं लागणार, आणखी मोठ्या लोकांसमोर, आणि मधू पुन्हा पहिल्या रांगेत बसणार. पहिल्यांदा चुकून झालं असं म्हणता तरी येत होतं. आता गप्प बसलं तर ते जाणूनबुजून होणार होतं. संध्याकाळी बाईंनी ई-रिक्षा केली आणि रेल्वे कॉलनीत मकरंदच्या क्वार्टरकडे निघाल्या. वाटेत त्यांनी बोलणं ठरवलं. कार्यक्रम मोठा आहे, वेळ कमी आहे, भाषणात थोडी काटछाट करू या. त्या काटछाटीत ते वाक्य गुपचूप गळून जाईल आणि कुणाला काही कळणार नाही. एवढं होऊनही बाई पळवाटच शोधत होत्या.

दार उघडंच होतं. तिन्हीसांजेची वेळ. भिंतीतल्या कोनाड्यात देव मांडलेले होते आणि मधू डोक्यावर पदर घेऊन त्यांच्यापुढे निरांजन लावत होती. जुनं पितळी निरांजन, लख्ख घासलेलं. मकरंदच्या आईचं असणार. मधूने हात जोडले, मागे वळली आणि म्हणाली, "आओ ताईजी, बैठो. जाई, पानी ला."

जाईने पाणी आणलं. बाईंकडे न बघता पेला ठेवला आणि ती आतल्या दाराशी जाऊन उभी राहिली. मधूने परात ओढली आणि ती कणीक भिजवायला बसली. बाई त्या निरांजनाकडे बघत राहिल्या. ठरवलेलं सगळं बोलणं आता नकोसं झालं होतं, पण सवय वाईट. तोंडातून तेच आलं.

"वो कोजागरी का भाषण," त्या म्हणाल्या, "जरा छोटा करना है. बीच का एक वाक्य निकाल देते हैं."

"कौन सा? दिये वाला?"

बाईंची नजर पुन्हा निरांजनाकडे गेली.

मधूने पिठात पाण्याची धार सोडली. "ताईजी, दिया तो मैं रोज लगाती हूँ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"तुला समजलं होतं?" बाईंच्या तोंडून मराठीच निघालं.

"इत्ते साल से इस घर में हूँ. सास थीं तब तक दिन-रात मराठी ही सुनी. बोलती नहीं हूँ, आप लोग हँसते हो. समझती सब हूँ."

समजतं सगळं, बोलवत नाही. झाशीतल्या निम्म्या मराठी घरांत अशीच माणसं आहेत, हे वसुंधराबाईंना कुणी सांगायला नको होतं. त्या माणसांना त्या कधी परकं म्हणाल्या नव्हत्या. पण ही सवलत त्यांनी मराठी पोटी जन्मलेल्यांपुरतीच ठेवली होती.

"मग टाळी का वाजवलीस ग?" त्यांनी हळूच विचारलं.

"वो बोलते-बोलते रुक गई थी न. मुझे ही देख रही थी. मैंने इशारा किया, बोल. फिर उसने बोल तो दिया, पर सिर नीचे कर लिया." मधूने दाराकडे, जाईकडे पाहिलं. "मैं ताली न बजाती तो वो वहीं मंच पे रो देती."

बाईंना हुंदका आवरेना. इतक्या लोकांना बोलायला शिकवलं, पण त्या संध्याकाळी त्या हॉलमध्ये समोरच्याचं मन ओळखणारी एकच बाई होती आणि ती श्रोत्यांत बसली होती. "मधू, माझं फार चुकलं," त्या म्हणाल्या. "मला माफ कर. कोजागरीला मी सगळ्यांसमोर उभी राहते. सांगते की ते वाक्य माझं होतं, पोरीचं नव्हतं, आणि ते खोटं होतं."

हे बोलल्यावर त्यांना जरा मोकळं वाटलं. पण मधूचे हात कणकेत थांबले.

"ना ताईजी. ये मत करना."

"का?"

"आप मंच से बोलोगी तो सब मुड़के मुझे देखेंगे. अभी जिनका ध्यान नहीं गया है, उनका भी जाएगा. आपका मन हलका हो जाएगा. मैं वहाँ किधर मुँह करके बैठूँगी?"

वसुंधराबाई भिंतीला टेकल्या. पळवाट सोडून माफी मागितली, तर माफीही त्यांनी मंचावरूनच बेतली होती, पहिल्या रांगेला न विचारता. वर त्या माफीलाही टाळी पडली असती. वसुताईंचा केवढा मोठेपणा, असं गोपाळरावच पहिले म्हणाले असते. चूक करून पुन्हा तिच्यावर कौतुक कमवायला निघालो होतो, ह्या विचाराने त्यांचा चेहरा तापला.

त्यांनी तिथेच बसून गोपाळरावांना फोन लावला. "जाईचं ते भाषण कोजागरीला होणार नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, असं काय करता? सगळ्यांना किती आवडलंय."

"मला नाही आवडलेलं. तिला बोलायचं असलं तर ती तिच्या विषयावर बोलेल. नसलं तर नाही." गोपाळराव पलीकडून कुरकुरत राहिले. ह्या वयात माणसं लहरी होतात, असं काहीतरी ते आता चारचौघांत म्हणणार, हे बाईंना ठाऊक होतं. म्हणू देत, असं मनाशी म्हणून त्यांनी फोन ठेवला. करता येण्यासारखं तेवढंच होतं, आणि झालेल्या गोष्टीपुढे ते फार थोडं होतं.

मग त्या जाईकडे वळल्या. "जाई, तो समथरचा बाजार मला सांगशील?"

"कोजागरीसाठी?" जाईने संशयाने विचारलं.

"नाही. ते तू मग ठरव. मला ऐकायचंय."

जाईने आईकडे पाहिलं आणि दाराच्या चौकटीला पाठ टेकून ती बोलायला लागली. हातवारे नाहीत, श्वास घ्यायच्या ठरवलेल्या जागा नाहीत. थोडं मराठी, थोडं हिंदी, मध्येच समथरचं काहीतरी. नानी भटेवाल्या बाबाला म्हणायची, तुझे भटे म्हातारे झाले. बाबा म्हणायचा, भटे नई, तुमाए दाँत बूढ़े हो गए. नानी पिशवी उचलून चालायला लागायची, चार दुकानं पुढे जाऊन परत यायची, आणि बाबा तोवर वांगी तोलून ठेवून बसलेला असायचा. मधू कणीक मळता मळता हसत होती.

"आणि एकदा काय झालं," जाई म्हणाली, "आम्ही गेलो तर तो बाबा तिथे नव्हताच. मग नानीने..."

इथे ती थांबली. मागच्या वेळी बाईंनी तिला इथेच अडवलं होतं. आताही कुणीतरी अडवणार, अशा अंदाजाने ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

"मग नानीने काय केलं?" वसुंधराबाईंनी विचारलं.

"नानी पूर्ण बाजार फिरली. सगळ्यांच्याकडे भटे होते, चांगले चांगले. तिने कोणाचेच नाही घेतले. बोलली, जिससे लड़ाई नईं, उसके भटन में का स्वाद. मग आम्ही त्याच्या घरी गेलो. तो बीमार होता, खाटेवर. नानी खाटेजवळ बसली आणि तिथे पण लढली. बोली, अगले बाजार नईं आए तो देख लेना."

"आणि तो?"

"तो हसला. मग खोकला. मग परत हसला." जाईने खांदे उडवले. "बस, संपलं."

मधूचे दोन्ही हात कणकेत होते. टाळी वाजवायची तर ती वसुंधराबाईंनाच वाजवावी लागणार होती. त्यांनी हात उचलले, पण वाजवण्याआधी मधूकडे पाहिलं, आणि तिने मान हलवली तेव्हाच वाजवली.